पंखा भारी पडतोय का? वेगवान बोटीचा प्रोपेलर आणि ड्राइव्ह कसे जुळवतात

आमच्या थळच्या किनाऱ्यावर प्रोपेलरला प्रोपेलर कुणी म्हणत नाही. तो ‘पंखा’. मामाच्या होडीचा पंखा चांगला परातीएवढा होता. होडी ओढून वर घेतली की आम्ही पोरं तो हाताने फिरवायला धावायचो. एका वर्षी मामाने इंजिन बदललं आणि पंखा जुनाच ठेवला. इंजिन गुरगुरायचं, काळा धूर ओकायचं, पण त्याचे फेरे काही वाढायचे नाहीत. मामाने दोन मिनिटं कान देऊन ऐकलं आणि एवढंच म्हणाला, “पंखा भारी पडतोय.” मग पंखा काढून अलिबागला नेला, पात्यांची टोकं थोडी कापून आणली, आणि होडी सुटली.

पुढे नोकरीच्या निमित्ताने मी फ्लोरिडात बोटींच्या कामाला लागलो. इथे गिऱ्हाईक येतं ते तीस फुटी बोट, पाचशे अश्वशक्ती आणि जीपीएसचे दोन मोठे पडदे घेऊन. तक्रार निम्म्या वेळा तीच निघते. पंखा भारी पडतोय, किंवा हलका पडतोय. फरक इतकाच की हे गिऱ्हाईक ते कबूल करत नाही, कारण मोठ्या आकड्याचा पंखा म्हणजे जास्त वेग असं त्याला कुणीतरी सांगितलेलं असतं.

ते तसं का नाही, हे आधी पाहू. ड्राइव्हची, म्हणजे पाण्यात उतरून पंखा धरणाऱ्या ‘पाया’ची उंची आणि ट्रिम, म्हणजे त्या पायाचा कल, या गोष्टी त्यानंतरच्या. हा क्रम उलटा केला की पैसा पाण्यात जातो, तोही शब्दशः.

पंख्यावरचे आकडे

पंख्याच्या मधल्या नळीवर आकडे कोरलेले असतात, समजा १५.२५ × २४. पहिला व्यास, म्हणजे पाती फिरताना जे वर्तुळ काढतात त्याची रुंदी. दुसरा पिच. दोन्ही इंचांत. पिच समजायला लाकडातला स्क्रू आठवा. आटे दाट असतील तर एका फेरीत स्क्रू थोडासाच आत जातो, विरळ असतील तर जास्त. पाणी लाकडासारखं घट्ट असतं तर २४ पिचचा पंखा एका फेरीत बोट २४ इंच पुढे नेईल.

मामाच्या होडीला मोठा व्यास लागतो, कारण तिला जड ओझं हळू ओढायचं आहे. भरपूर पाणी पकडून ते सावकाश मागे ढकलणं हे तिचं काम. पाण्यावरून उडत जाणाऱ्या बोटीला मोठी पाती नुसती नडतात, तिला हवा असतो पिच. शिवाय आउटबोर्ड (बोटीच्या मागे बाहेर टांगलेलं इंजिन) किंवा स्टर्नड्राइव्हच्या पायात पंख्याला जागा ठरलेली असते, त्यामुळे व्यासात खेळायला फारसा वावच नाही. दुकानात निवड होते ती मुख्यतः पिचची.

स्टर्नड्राइव्ह म्हणजे इंजिन बोटीच्या आत आणि पाय मागच्या भिंतीबाहेर. त्या भिंतीला ट्रान्सम म्हणतात. जिम विन नावाच्या अमेरिकन इंजिनिअरच्या डोक्यातून ही कल्पना निघाली आणि व्होल्वो पेंटाने १९५९ मध्ये ती ‘अॅक्वामॅटिक’ नावाने बाजारात आणली. दोन वर्षांत मर्क्युरी कंपनीचं मर्क्रूझर आलं, आणि आज अमेरिकेत वेगवान बोटीचा पाय म्हटलं की पहिलं नाव निघतं ते बहुधा मर्क्रूझरच्या ‘ब्राव्हो वन’चं. आपलं उदाहरणही त्याचंच घेऊ.

इंजिनाचे फेरे थेट पंख्याला मिळत नाहीत, मध्ये गिअर असतात. १.५ चं प्रमाण म्हणजे इंजिन दीड वेळा फिरलं की पंखा एकदा फिरतो. इंजिन ५००० आरपीएमवर, म्हणजे मिनिटाला ५००० फेऱ्यांवर असेल तर पंखा मिनिटाला ३३३३ फेरे घेतो. गुणिले २४ इंच, म्हणजे ८०,००० इंच, म्हणजे २०३२ मीटर. तासाला साधारण १२२ किलोमीटर. हा झाला कागदावरचा वेग.

जीपीएसवर दिसले १०८. मग १४ गेले कुठे?

ते गेले स्लिपमध्ये. इथे साडेअकरा टक्के. स्लिप म्हटलं की लोकांना गळती आठवते, ती पूर्ण बंद करावी असं वाटतं. पण चालत्या गाडीच्या खिडकीबाहेर हात काढून पाहा. तळवा अगदी आडवा ठेवला तर हात उचलला जात नाही, पुढची कड जराशी वर केली की वारा त्याला वर ढकलतो. पात्याचंही तसंच. पाण्याला ते किंचित तिरकं भिडलं तरच जोर मिळतो, आणि हिशोबात तो तिरकेपणा स्लिप म्हणून दिसतो. स्लिप शून्य तर ढकलणंही शून्य. तळाला खोल व्ही असलेल्या वेगवान बोटीला दहा-बारा टक्के स्लिप ठीक, दोन तळ जोडून केलेल्या हलक्या कटमरानला त्याहून कमी, जड कुटुंबवत्सल बोटीला पंधरा-वीससुद्धा. हिशोबात स्लिप उणे आली तर आनंदून जाऊ नका. पंख्यावर कोरलेला पिच आणि खरा पिच यांत फरक आहे, किंवा फेरे दाखवणारा टॅकोमीटर खोटं बोलतोय.

सव्वीसचा मोह

आता त्या गिऱ्हाइकाची गोष्ट. बोट वरचीच, २४ चा पंखा, ५००० आरपीएम, १०८ किलोमीटर. इंजिन बनवणाऱ्याने ठरवून दिलेली हद्द ४८०० ते ५२००. म्हणजे थ्रॉटल पूर्ण दाबल्यावर फेरे या दोन आकड्यांच्या मध्ये यायला हवेत. पंखा निवडण्याची पहिली आणि सर्वांत मोठी कसोटी हीच. यांचे येत होते. तरी गृहस्थ म्हणाले, २६ चा लावा, दोन इंच जास्त म्हणजे आठ-नऊ किलोमीटर तरी वाढतील.

लावला. फेरे ४७०० वर अडकले. पिच एक इंच वाढला की साधारण १५० ते २०० आरपीएम पडतात, हा ठोकताळा तंतोतंत उतरला. कागदावरचा वेग झाला १२४, जीपीएसवर १०६. म्हणजे पंखा मोठा, स्लिप साडेचौदा, आणि बोट आधीपेक्षा दोन किलोमीटरने हळू.

बोरघाट चढताना एसटी टॉप गिअरमध्ये टाकून ड्रायव्हरने कितीही अॅक्सिलरेटर दाबला तरी ती जशी थरथरत राहील, तशी ही बोट. आणि नुसता वेग जातो असं नाही. थ्रॉटल पूर्ण उघडं, फेरे कमी, अशा अवस्थेत सिलिंडरमधला दाब आणि उष्णता नको तितकी वाढते. इंधन नको त्या क्षणी फुटायला लागतं. त्याला डेटोनेशन म्हणतात, आणि ते पिस्टनला भोकं पाडतं. मी असं पिस्टन हातात घेतलं आहे. मेणबत्तीवर धरलेल्या मेणासारखी त्याची कड वितळलेली होती. बोटीला कारसारखा उतार कधी लाभत नाही हे लक्षात ठेवावं. तिचा प्रवास सगळा चढाचाच.

उलट बाजूही पाहिली. २२ चा लावला तर ५३०० फेरे आणि १०५ किलोमीटर. बोट उठली मात्र झटकन. पण फेरे हद्दीबाहेर, आणि मोकळ्या समुद्रात लाटेवरून पंखा बाहेर आला की इंजिन थेट फेरे रोखणाऱ्या लिमिटरवर जाऊन आदळणार. पोरांना स्कीवर ओढायचं असतं तर मी २२ च सुचवला असता. म्हणून एकाच बोटीचे दोन पंखे बाळगणारे लोक मला शहाणे वाटतात.

हे आकडे कुठल्या दिवशी घेतलेत तेही वहीत लिहावं. पेट्रोलची टाकी ३०० लिटरची असेल तर भरलेली आणि रिकामी यांत सव्वादोनशे किलोंचा फरक पडतो, तीन माणसांचा. दमट, उकाड्याच्या दिवशी इंजिनाची ताकद कमी होते, जानेवारीच्या थंड सकाळी वाढते. जानेवारीत जुळवलेला पंखा ऑगस्टमध्ये भारी पडतो आणि मालक म्हणतो इंजिन बिघडलं.

उकळतं पाणी आणि शिरलेली हवा

पंखा पकड सोडतो तेव्हा जो तो ‘कॅव्हिटेशन झालं’ म्हणतो. दहापैकी नऊ वेळा ते कॅव्हिटेशन नसतंच.

खरं कॅव्हिटेशन म्हणजे पाणी उकळणं, तेही थंड पाणी. उंच डोंगरावर डाळ शिजायला वेळ लागतो, कारण हवेचा दाब कमी असल्याने पाणी शंभर अंशांच्या आधीच उकळतं. पात्याच्या पुढच्या बाजूला दाब इतका पडू शकतो की समुद्राचं साधं पाणीही वाफ होतं. वाफेचे ते बुडबुडे पुढे सरकून दाब वाढला की फुटतात, आणि फुटताना धातूचे कण उपटतात. असा पंखा ओळखू येतो. पात्यावर उंदराने कुरतडल्यासारखे खड्डे दिसतात.

हे दुखणं सव्वाशे वर्षं जुनं आहे. चार्ल्स पार्सन्सने १८९४ मध्ये ‘टर्बिनिया’ ही वाफेच्या टर्बाइनवरची बोट पाण्यात सोडली. ताकद भरपूर, वेग मात्र हवा तसा मिळेना. एकच पंखा पिसाटासारखा फिरत होता आणि नुसती वाफ घुसळत होता. पार्सन्सने पाण्याची एक छोटी टाकी बनवून तिच्यात फिरता पंखा न्याहाळला, मग एका शाफ्टऐवजी तीन शाफ्ट आणि प्रत्येकावर तीन असे नऊ पंखे लावले. १८९७ मध्ये राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाला साठ वर्षं झाली म्हणून स्पिटहेडला आरमाराचं संचलन होतं. ही बोट आगंतुकासारखी तिथे शिरली आणि तिला हटकायला निघालेल्या नौदलाच्या बोटींच्या हाती लागली नाही. वेग ३४ नॉट, म्हणजे तासाला ६३ किलोमीटर.

व्हेंटिलेशन वेगळं. त्यात पाणी उकळत नाही. वरून हवा किंवा इंजिनाचा धूर पात्यांपर्यंत ओढला जातो आणि पंखा फेसात फिरतो. वळणावर एकदम इंजिन किंचाळतं आणि बोट ढिली पडते, ते हे. पायावर पंख्याच्या वर जी आडवी पट्टी असते तिला सगळे कॅव्हिटेशन प्लेट म्हणतात. ती खरं तर हवा अडवायला आहे.

गंमत अशी की ही हवा कधी कधी मुद्दाम सोडतात. मर्क्युरीच्या काही पंख्यांत प्रत्येक पात्यामागे नळीला एकेक भोक असतं आणि त्यात प्लास्टिकची बटणं बसतात: बंद, छोट्या भोकाची, मोठ्या भोकाची. बोट सुरुवातीला पाण्यात बसलेली असताना या भोकांतून धूर पात्यांमागे जातो, पंखा थोडा सैल फिरतो, इंजिनाला फेरे मिळतात आणि बोट उठते. वेग घेतल्यावर पाणी भोकांवरून सरळ निघून जातं आणि पकड परत येते. मोठ्या पिचचा पंखा लावूनही बोट उठेना, अशा वेळी नवा पंखा घेण्याआधी ही चार बटणं बदलून पाहावीत. वेळ पाच मिनिटांचा, खर्च नगण्य.

पात्यांबद्दल थोडक्यात. अॅल्युमिनियमचा पंखा स्वस्त, पण जोर आला की पाती वाकतात. वेगवान बोटीला स्टेनलेस स्टीलच, कारण ते पातळ घडवता येतं. तीन पाती म्हणजे कमी घर्षण आणि सरळ रेषेत जरा जास्त वेग. चार म्हणजे वळणावर पकड आणि मागची बाजू उचललेली. पाच म्हणजे थरथर कमी. पात्याच्या मागच्या कडेला नखाएवढी वळवलेली पन्हळ असते, तिला कप म्हणतात. हवा मिसळलेल्या पाण्यात पकड टिकते ती या कपामुळे. जाणता कारागीर हातोड्याने कप थोडा वाढवतो किंवा उघडतो आणि दीडशे आरपीएम इकडचे तिकडे करतो. एकाच साच्यातले, एकाच आकड्याचे दोन पंखेही अगदी सारखे नसतात. म्हणून शर्यतवाले प्रत्येक पातं मोजून, तासून, तोलून घेतात. जोडइंजिनाच्या बोटीवर एका बाजूचे फेरे सतत शंभरने जास्त दिसत असतील तर इंजिन उघडण्याआधी पंख्यांची अदलाबदल करून बघायचा मोह होईल. तो आवरा. दोन्ही पंखे बहुतेक उलट दिशांनी फिरणारे असतात.

पाय किती खोल?

पंखा इंजिनाला जुळला. आता पाय.

पाण्यात बुडालेला पाय म्हणजे ओझं. वेग दुप्पट झाला तर त्याचं घर्षण चौपट होतं. साठ किलोमीटरला जो पाय जाणवत नाही, तो एकशे वीसला नांगर होतो. म्हणून वेगवान बोटीचा पाय शक्य तितका वर घेतात. किती वर, हे मोजायचं मापही ठरलेलं आहे. बोटीच्या तळाला लांब सरळ पट्टी धरून ती मागे नेतात, आणि पंख्याच्या दांड्याचा मध्य त्या रेषेच्या किती खाली किंवा वर आहे ते पाहतात.

आउटबोर्डला हे सोपं. ट्रान्सम आणि इंजिन यांच्यामध्ये जॅक प्लेट बसवायची, चार बोल्ट सैल करून इंजिन पाव इंच वर. स्टर्नड्राइव्हला इतकं सरळ नाही, कारण पाय इंजिनाला जोडलेला आणि इंजिन बोटीच्या आत रुजलेलं. तिथे मग इंजिनच वर बसवा, नाहीतर पायाचा खालचा भाग दोन इंच आखूड असलेला घ्या. या कामाला लागणारा पैसा ऐकून बरीच गिऱ्हाइकं पिचवर समाधान मानतात, आणि बरंच करतात.

जॅक प्लेट इंजिन मागेही सरकवते. बोटीच्या तळाखालून सुटलेलं पाणी मागे जाताना थोडं वर येतं, त्यामुळे इंजिन फूटभर मागे गेलं तर साधारण इंचभर आणखी वर घेता येतं.

मागच्या हिवाळ्यात एका आउटबोर्डवर हे केलं. पहिल्या पाव इंचाला वेग दोन किलोमीटरने वाढला, दुसऱ्याला पुन्हा जवळजवळ तितकाच. स्टिअरिंग हाताला हलकं लागायला लागलं. तिसऱ्या पाव इंचाला फेरे दीडशेने वाढले आणि वेग जिथल्या तिथे. फेरे वाढले, वेग नाही, म्हणजे वाढली ती स्लिप. त्याच वेळी पाण्याच्या दाबाचा काटा वीसवरून नऊवर उतरला, कारण इंजिन थंड ठेवणारं पाणी ज्या छिद्रांतून आत जातं ती आता फेसात आली होती. मालक म्हणाला, आणखी एकदा वर घेऊन बघू. मी पाव इंच खाली घेतलं. दाबाचा काटा नसलेल्या बोटीवर पाय वर घेण्याचं काम मी करतच नाही. खूप वेगाच्या बोटींच्या पायाचं नाक टोकदार असतं आणि पाणी घेणारी छिद्रं अगदी खाली, ती याच कारणाने.

ही वाट शेवटपर्यंत नेली की पंखा अर्धा पाण्याबाहेरच येतो. त्याला सरफेस ड्राइव्ह म्हणतात. कॅलिफोर्नियाच्या हॉवर्ड आर्नेसनचं नाव त्यावर आहे. दांडा सरळ मागे जातो, पाय जवळजवळ नाहीच, आणि पंख्याचं प्रत्येक पातं दर फेरीला हवेत जाऊन पुन्हा पाण्यावर आपटतं. त्याला लागतात क्लीव्हर पाती, म्हणजे पुढची कड सुरीसारखी आणि मागची कड जाड, सरळ कापलेली, खाटकाच्या सुऱ्याची आठवण करून देणारी. अशी बोट धक्क्याला लावताना, मागे घेताना मालकाचे हाल होतात. पण मागे उंच उडणारा पाण्याचा पिसारा बघून तो ते विसरतो.

जोडइंजिनाच्या बोटीत पंखे फिरण्याची दिशाही जुळवायची असते. सहसा मागून पाहिलं तर दोन्ही पंखे वरच्या बाजूने बाहेर फिरतात. बोट स्थिर राहते, धक्क्याला नीट वळते. आतल्या बाजूला फिरवले तर काही बोटी, विशेषतः कटमरान, जरा जास्त पळतात आणि वागायला हट्टी होतात. ब्राव्हो वनचा क्लच असा आहे की तोच पाय दोन्ही दिशांना चालतो, फक्त गिअरची केबल उलटी जोडायची आणि त्या दिशेचा पंखा लावायचा. त्यामुळे प्रयोग स्वस्तात होतो. दोन पायांना जोडणारा दांडा मात्र घट्ट हवा. मोठ्या वेगात एक पाय जरी स्वतःच्या मर्जीने वळवळला तरी बोट हातातून जाते.

ट्रिमचं बटण

पाय मागेपुढे कलवणं म्हणजे ट्रिम. चालत्या बोटीत चालवणाऱ्याच्या अंगठ्याखाली असलेली ही एवढीच जुळणी.

सुटताना पाय आत घ्यायचा, म्हणजे नाळ (बोटीचं पुढचं टोक) खाली राहते आणि बोट लवकर पाण्यावर चढते. चढली की थोडा थोडा बाहेर. नाळ उचलते, तळाचा कमी भाग पाण्याला टेकतो, स्टिअरिंग हलकं होतं, फेरे वाढतात आणि वेगही वाढतो. आणखी बाहेर काढला की एक क्षण असा येतो की फेरे वाढतात पण वेग नाही. तिथून एक टिचकी मागे. त्याच्याही पलीकडे गेलात तर नाळ वरखाली डोलायला लागते, डॉल्फिनसारखी. खोल व्हीच्या बोटी मोठ्या वेगात आणखी एक खोड काढतात. डाव्या कुशीवरून उजव्या, उजव्यावरून डाव्या, आणि दर वेळी झोका मोठा. याला चाइन वॉक म्हणतात. नवशिका स्टिअरिंगने तो झोका पकडायला जातो आणि नेमका उशिरा पकडतो, त्यामुळे वाढवतो. थ्रॉटल किंचित सैल सोडायचं, ट्रिम जरा आत घ्यायचं. थ्रॉटल एकदम बंद करायचं नाही, नाळ पाण्यात घुसते आणि बोट जागीच गिरकी घेते.

मार्च २०१७ मध्ये मुंबईत मरीन ड्राइव्हसमोर पॉवरबोटींची शर्यत झाली तेव्हा अनेकांनी या बोटी पहिल्यांदा जवळून पाहिल्या. तिथे सगळ्या संघांना एकसारख्या बोटी होत्या. पंखा निवडायचं स्वातंत्र्यच नसेल तर उरतं काय, तर वळणाआधी पाय आत, वळणानंतर बाहेर, आणि लाटेवरून बोट हवेत गेली की थ्रॉटल सोडणं. शेवटचं सर्वांत महत्त्वाचं. पंखा हवेत मोकळा फिरून पूर्ण ताकदीनिशी पाण्यावर आपटला तर गिअरचे दात जातात. खुल्या समुद्रातल्या मोठ्या शर्यतींत म्हणून दोन माणसं असतात, एक स्टिअरिंगला आणि एक नुसता थ्रॉटलला.

चाचणी घ्यायची ती मोकळ्या पाण्यात, पहाटे, दोन्ही दिशांना एकेक फेरी मारून. वारा आणि ओहोटीचा हिशोब त्यात निघून जातो. वर्दळीच्या बंदरात कधीच नाही. १८ डिसेंबर २०२४ ला मुंबई बंदरात इंजिनाची चाचणी चालू असलेली नौदलाची वेगवान बोट नीलकमल या प्रवासी बोटीवर आदळली आणि माणसं गेली, हे ज्याला आठवतं त्याला अधिक सांगायला नको. चालवणारा जागेवरून फेकला गेला तर इंजिन बंद करणाऱ्या किल स्विचची दोरी अंगाला हवीच. अमेरिकेत २६ फुटांखालच्या बोटींना ती १ एप्रिल २०२१ पासून कायद्याने सक्तीची आहे. मी ती चाळीस फुटी बोटीवरही लावतो.

आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. पंखा बदलला तर उंची तीच ठेवायची. उंची बदलली तर पंखा तोच. नाहीतर फायदा कशाने झाला हे कधीच कळत नाही. हे नियम मला तोंडपाठ आहेत, तरी एकदा चांगलाच फसलो.

फेरे चढत होते, बोट चालत नव्हती. मी म्हटलं व्हेंटिलेशन. पाय अर्धा इंच खाली घेतला. तेच. आणखी अर्धा इंच. तेच. बटणं बदलली, दुसऱ्या दिवशी परत आलो, टाकी रिकामी करून पाहिली. हळू चालवली की सगळं छान, थ्रॉटल पुढे ढकललं की नुसती घरघर. शेवटी यार्डातल्या एका म्हाताऱ्या क्यूबन मेकॅनिकने पंख्याच्या तोंडाशी पांढऱ्या रंगाने एक बारीक रेघ ओढली, दांड्यावरच्या नटापासून थेट बाहेरच्या नळीच्या कडेपर्यंत, आणि म्हणाला, जा, एक चक्कर मारून ये. परत येऊन पाहतो तर रेघेचा आतला तुकडा बारा वाजता आणि बाहेरचा चार वाजता.

पंखा आणि दांडा यांच्यामध्ये रबराचा हब असतो. दगडाला पंखा आदळला तर गिअर वाचावेत म्हणून तो घसरतो. हा हब कधीतरी आपटून सुटलेला होता. दांडा फिरत होता, पंखा मागे राहत होता. दीड दिवस मी ज्या पायाची उंची मोजत बसलो, त्या पायाचा काही दोष नव्हता.

तेव्हापासून नवा पंखा चढवला की नट आवळून झाल्यावर मी खिशातला रंगाचा पेन काढतो आणि आधी रेघ ओढतो.